अमेरिका टेकडीवरचा एक बूट

बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आणि त्यातही अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे त्यांचा जीव. चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याचा धडा आला की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची, असं ते अजून सांगतात. मी त्यांच्याच वर्गात होतो आणि शेवटच्याच बाकावर होतो, त्यामुळे या बाबतीत मी मत देत नाही. निवृत्तीनंतर अमेरिकेला जायचं, पहिल्या अध्यक्षांचं नदीकाठचं घर बघायचं, तडा गेलेली ती घंटा बघायची, असं त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. मग आईचं आजारपण आलं, आई गेली, आणि त्यापाठोपाठ बाबांचे गुडघे आणि रक्तदाब आले. डॉक्टरांनी अमेरिकेचा प्रवास नको म्हणून सांगितलं. "मुलाकडे जपानला जा की," असं मात्र म्हणाले, जणू जपान म्हणजे हडपसरच्या पुढचा स्टॉप.

तर असे बाबा मे महिन्यात, पुण्याचं ऊन टाळायला, आमच्याकडे टोकियोतल्या एदोगावात आले. आले आणि दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन आला. दादा पुण्यातच असतो, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाबा त्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात.

"बाबा समोर आहेत का?" दादाने विचारलं.

"नाही, गॅलरीत आहेत. खालच्या कचऱ्याच्या पिशव्या बघतायत. कोणत्या दिवशी कोणता कचरा, ते पाठ करायचं म्हणतात."

"पाठ कसलं करतायत. विसरायला लागलेत रे ते."

मग त्याने एकेक सांगायला सुरुवात केली. आत्याकडे जेवायचं बोलावणं आहे असं सांगितलं होतं, हे गेलेच नाहीत, वर म्हणाले मला कुणी सांगितलंच नाही. प्लंबर येणार म्हणून सांगितलं, तर नेमके त्याच वेळी बाहेर. काहीतरी विचारावं तर नुसते हसतात आणि "हो हो" म्हणतात. दादाने सगळं इंटरनेटवर वाचून काढलं होतं. अशीच सुरुवात होते म्हणे.

"मी ठरवलंय," तो म्हणाला, "परत आले की गॅस काढून टाकायचा. डबा लावायचा आणि दिवसभराचा माणूस ठेवायचा, नाहीतर सरळ माझ्याकडे आणायचं आणि फ्लॅट बंद करायचा. एखाद दिवशी गॅस चालू ठेवून झोपले तर? पण आधी तू बघ. तू लांब असतोस, तुला फरक चटकन कळेल. नीट बघ आणि रविवारी मला सांग."

फोन ठेवल्यावर मला बाबांचा ओटा आठवला. आई गेल्यावर बाबांनी त्या वयात स्वयंपाक शिकून घेतला होता. आमटी बिघडली तर मला फोन करून का बिघडली त्याची कारणमीमांसा सांगायचे, लढाई हरल्याची कारणं सांगतात तशी. त्या ओट्यापाशी ते आईच्या जागी उभे राहतात. तो गॅस काढून नेणं म्हणजे त्यांच्याकडून नेमकं काय काढून नेणं आहे, ते मला कळत होतं. आणि त्यावर शिक्का मारायचं काम माझ्याकडे आलं होतं. ज्याला ऑफिसात दोन प्रिंटरपैकी कोणता घ्यावा हे ठरवायला तीन मीटिंगा लागतात, अशा माणसाकडे.

फोनवर ते माझ्याशी नेहमी व्यवस्थित बोलत आलेले, म्हणून मला दादाचं खरं वाटेना. पण मग मीही इंटरनेट उघडलं. आम्ही दोघेही इंजिनियर, त्यामुळे वैद्यकातलं आम्हाला सगळंच कळतं.

शनिवारी मी बाबांना म्हटलं, "चला, तुम्हाला अमेरिका दाखवतो."

माझा डाव साधा होता. योकोहामाच्या टेकडीवर जुन्या परदेशी वस्तीतली घरं जपून ठेवली आहेत, त्यांत काही अमेरिकन व्यापाऱ्यांचीही आहेत. काळी जहाजं घेऊन आलेल्या अमेरिकन आरमाराने जपानचं दार ठोठावलं, त्यानंतर बंदर उघडलं आणि हे लोक इथे येऊन राहिले. बाबांना हवी ती अमेरिका नाही, पण तिची धाकटी पाती म्हणायला हरकत नाही. दिवसभर सोबत राहता येईल, आणि जाता-येता सहज म्हणून प्रश्न विचारता येतील.

"तू त्यांना फिरायला नेतोयस की ओरल घ्यायला?" बायकोने विचारलं. तिला त्या दिवशी काम होतं, म्हणून ती सुटली. आमची दहावीतली मुलगी बरोबर आली, कारण योकोहामातल्या चायनाटाउनमध्ये जेवायचं आश्वासन मी दिलं होतं.

पहिल्या लोकल गाडीत मी बाबांच्या डावीकडे बसलो आणि परीक्षा सुरू केली. काल आपण कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून काय आणलं? भाताचे गोळे, एकात मासा निघाला, तो तू खाल्लास. आमच्या इमारतीच्या खाली कोणतं दुकान आहे? सायकलींचं, मालकाचा कुत्रा लंगडतो. आज कोणता कचरा होता? "जळणारा," बाबा म्हणाले, "आणि तुमच्या शेजाऱ्याने प्लास्टिक घातलंन त्यात." मी मनातल्या मनात दादाला शिव्या घातल्या आणि आरामात टेकून बसलो.

दुसऱ्या गाडीत गर्दी होती. बाबांच्या डावीकडे मुलगी बसली, मला उजवीकडची जागा मिळाली. गाडी सुटली तसं मी म्हटलं, "बाबा, काल रात्री आपण काय जेवलो?"

"हो हो," बाबा म्हणाले आणि हसले.

"काय जेवलो?"

"छान आहे," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

दादाने सांगितलं होतं ते अगदी तेच हसू. मी आणखी दोन प्रश्न विचारले. एकाला मान डोलावली, दुसऱ्याला तेवढीही नाही. पलीकडे मुलगी कानात इयरफोन घालून बसली होती. मला एकदम वाटलं, हे विसरणं दर थोड्या वेळाने येतं-जातं की काय, वाऱ्यासारखं?

योकोहामाच्या शेवटच्या स्टेशनावर एक गंमत आहे. भुयारातून लिफ्टने थेट टेकडीवर जाता येतं, आणि तिथल्या बागेचं नावच अमेरिका टेकडी. ते का पडलं ते मला विचारू नका. बाबा लिफ्टमध्ये आरशासमोर शर्टाची कॉलर नीट करून उभे राहिले. दार उघडलं, समोर गुलाबच गुलाब.

"व्हिसा विचारला नाही कुणी," बाबा म्हणाले.

मुलगी हसली. मीही हसलो, पण माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं, गॅसवर दूध ठेवल्यावर असतं तसं.

बागेला लागूनच परदेशी लोकांचं जुनं कब्रस्तान आहे. आरमारातला एक खलाशी इथल्या किनाऱ्याजवळ मेला, त्याला पुरायला जागा मागितली, तिथून त्याची सुरुवात झाली, असं तिथल्या फलकावर लिहिलंय. बाबांनी फलक सावकाश वाचला आणि कठड्याला धरून उभे राहिले. खाली क्रूस, पलीकडे उंच इमारती, त्यापलीकडे बंदर.

"त्याच्या आईला कळायला किती महिने लागले असतील," ते म्हणाले.

मी त्यांच्या उजव्या बाजूला येऊन म्हटलं, "बाबा, आपल्या आत्याचा वाढदिवस कधी असतो?"

हा प्रश्न त्या क्षणी किती मूर्खपणाचा होता ते मला आता कळतं. बाबांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मनात आणखी एक फुली मारली.

अमेरिकन व्यापाऱ्याचं घर तिथून चालत जवळच होतं. पांढऱ्या भिंती, हिरव्या झडपा, दारात मोठा व्हरांडा. नेमका दाराशी पोहोचताना दादाचा मेसेज आला, "काय वाटतंय?" मी बाजूला जाऊन त्याला "थोडं काळजीचं आहे" असं लिहीपर्यंत बाबा आणि मुलगी आत गेले होते. दारातच बूट काढून घराच्या चपला घालायच्या, अशी तिथली पद्धत. मीही बूट काढून कप्प्यात ठेवले आणि आत गेलो.

आत मात्र बाबा फुलले. जेवणाच्या खोलीत टेबल मांडून ठेवलं होतं, ताटल्या, काटे, सुऱ्या, मधे खरे गुलाब. बाबांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली. "गंमत बघ," ते म्हणाले, "ही माणसं घरात बूट घालून फिरायची. आणि आज त्यांच्याच घरात बूट काढून शिरायचं. जपानने शेवटी उट्टं काढलंन."

घराची माहिती सांगायला एक वयस्कर स्वयंसेविका होत्या. मोठ्या भूकंपात टेकडीवरची मूळ घरं पडली, हे नंतरचं, असं त्यांनी सांगितलं. मुलीने ते मराठीत आणलं तसे बाबा जरा खट्टू झाले. "म्हणजे माझ्या वडिलांच्या वयाचं घर," ते म्हणाले. मग बाईंनी सांगितलं की इथले अमेरिकन व्यापारी मुख्यतः रेशीम आणि चहा घ्यायचे, आणि बाबांना जे हवं होतं ते मिळालं.

"हे त्यांना सांग," ते मुलीला म्हणाले. "या व्यापाऱ्यांच्या पणजोबांनी एक चहा समुद्रात फेकला, देश उभा केला, आणि मग दुसरा चहा शोधत पार इथवर आले. तलफ काही सुटली नाही."

मुलीने जपानीत सांगितलं. बाई तोंडावर हात ठेवून इतकं हसल्या की दुसऱ्या खोलीतल्या स्वयंसेविका बघायला आल्या. मग बाबांनी उभ्या उभ्या सगळं स्वातंत्र्ययुद्ध सांगितलं, चहावरच्या करापासून तहापर्यंत, एकही नाव न चुकवता. मुलगी दमून गेली. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो, आणि माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी वाचलेलं होतं ना. जुनं सगळं शाबूत राहतं, जातं ते नवं, असं त्यात लिहिलेलं होतं. जितकं ते बिनचूक सांगत होते तितका मी खचत होतो.

आणि मग आम्ही निघालो. मी बूट घातले, मुलीने घातले. बाबांच्या पायात एक बूट होता आणि दुसरा पाय चपलेतच होता. ते वाकून छत्र्यांच्या स्टँडमागे बघत होते.

"काय झालं बाबा?"

"बूट नाहीये."

"दुसरा कुठाय?"

"तेच तर म्हणतोय. इथे ठेवला होता."

"छत्र्यांच्या मागे? आणि पायातला हा कुठे होता?"

"कप्प्यात," बाबा म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. एक बूट कप्प्यात, एक छत्र्यांच्या मागे. दादाच्या यादीत हे नव्हतं. यापुढे यादीची गरजही नव्हती. मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "बाबा, काळजी करू नका. शांतपणे आठवून बघा. आधी डावा काढलात की उजवा?"

बाबा सरळ उभे राहिले. शाळेत ते असे उभे राहिले की शेवटच्या बाकावर काय व्हायचं ते मला अजून आठवतं.

"मला काय आठवायला सांगतोस? डावा कप्प्यात, उजवा छत्र्यांमागे. वेगवेगळे ठेवले होते मी. दोन्ही एका जागी ठेवले की जोडी जाते. आयुष्यात देवळाबाहेर दुसरं काय केलंय आपण?"

मला हसू यावं की रडू, कळेना. लहानपणी पर्वतीच्या पायऱ्यांशी आमच्या सगळ्यांच्या चपला बाबा असेच पांगवायचे. एक इथे, एक झाडामागे, एक कुणाच्या तरी स्कूटरखाली. चोर जोडीच नेतो, एकट्या चपलेला हात लावत नाही, हे त्यांचं शास्त्र. परतताना एकेक गोळा करत यायचं. इतकी वर्षं इथे राहून मी ते साफ विसरलो होतो. इथे बूट चोरीला जातात, हे मला कोणी सांगितलं तरी पटलं नसतं.

पण बूट तरीही नव्हता. मुलगी आत जाऊन विचारून आली, आणि तिच्यामागून त्या बाई दोन्ही हातांत एक पांढरी पिशवी धरून, वाकत वाकत आल्या. पिशवीत बाबांचा उजवा बूट. त्यावर एक चिठ्ठी, कुठे आणि केव्हा सापडला त्याची.

झालं असं होतं, की छत्र्या नीट लावताना त्यांना तो एकटा सापडला. त्या हादरल्याच. कुणीतरी पाहुणा एकाच बुटावर घरी गेला, असं त्यांना वाटलं. दोघी-तिघींनी मिळून चर्चा केली, एक जण रस्त्यापर्यंत बघूनही आली, कुणी लंगडत चाललंय का म्हणून. मग हरवलेल्या वस्तूंमध्ये तो नीट जमा केला.

"आजोबा, त्या विचारतायत, असं का ठेवलं?" मुलीने विचारलं.

"सांग त्यांना."

मुलीने सांगितलं. बाईंनी गंभीरपणे ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतायत, चोर दुसरा बूट शोधत नाही का?"

"चोराला घाई असते," बाबा म्हणाले.

मुलीने ते सांगितल्यावर बाईंनी दोनदा मान हलवली, एखादी उपयोगाची माहिती मिळाल्यासारखी.

बाहेर व्हरांड्यासमोर बाक होता, तिथे बाबा नाड्या बांधायला बसले. मी शेजारी बसलो. योगायोगाने डावीकडे.

"संपली का तुझी परीक्षा?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या नाड्यांकडे बघितलं.

"गाडीत बसल्यापासून तोंडी चाललीय. मी जन्मभर तोंडी परीक्षाच घेतल्यात रे. तुला प्रश्नसुद्धा काढता येत नाहीत. कब्रस्तानात वाढदिवस विचारतोस?"

"तो ऐकलात तुम्ही?"

"नीट नाही. वाढदिवस एवढंच कळलं, कुणाचा ते नाही. पण त्या जागी कुणाचाही विचारणं वाईटच." ते दुसरी नाडी बांधायला लागले. "दादाने सांगितलंय ना तुला? की बाबा विसरतात?"

मग मी सगळं सांगितलं. आत्याचं जेवण, प्लंबर, गॅस, दिवसभराचा माणूस. गॅसचं ऐकल्यावर त्यांचे हात थांबले.

"मी विसरलो नाही," ते म्हणाले. "मला ते ऐकूच आलं नाही. उजव्या कानाने आता काही कळत नाही मला. आणि तुझा दादा सगळं गाडी चालवताना सांगतो. त्याला दुसरा वेळच नसतो. तो स्टिअरिंगवर, मी त्याच्या डावीकडे, बाहेर हॉर्न. तो काय म्हणतो ते मला कुठून कळणार? मी हो हो म्हणतो. फोन मी डाव्या कानाला लावतो, म्हणून तुझ्याशी बरं चालतं."

मला सकाळच्या दोन लोकल गाड्या आठवल्या. पहिली आणि दुसरी. मी कुठे बसलो होतो ते. मी बाकावरून उठलो, त्यांच्या उजवीकडे जाऊन बसलो आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "काल रात्री आपण काय जेवलो?"

"आता पुन्हा काय पुटपुटतोयस?" बाबा म्हणाले. "इकडे येऊन बोल."

इकडे येऊन बोललो.

"पिठलं. आणि तुझ्या बायकोने भात जपानी तांदळाचा केला, तो पिठल्याबरोबर चिकट लागला. पण मी बोललो नाही."

इतका हलका मी कितीतरी दिवसांत झालो नव्हतो. मुलगी समोर उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिने विचारलं, "दाइजोबु?" सगळं ठीक आहे ना, असं. मी म्हटलं, ठीक आहे, अगदी ठीक आहे.

"मग सांगितलं का नाहीत?" मी बाबांना विचारलं.

"सांगितलं की माणूस बहिरा. तुझ्या आजोबांना ऐकू येईनासं झालं तेव्हा आम्ही काय केलं? त्यांना विचारणंच सोडलं. त्यांच्यासमोर बसून आपापसात ठरवायचो. चांगली माणसं होतो आम्ही, तरी." त्यांनी नाडी घट्ट ओढली. "म्हटलं, जितके दिवस हो हो वर निभतंय तितके निभावू."

"आणि हो हो पायी तुमचा गॅस जात होता."

"ते मला माहीत असतं तर पहिल्या दिवशी कानाला मशीन लावलं असतं."

रविवारपर्यंत थांबायची गरज नव्हती. मी तिथूनच दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. दादाने विचारलं, "गाडीत?" मी म्हटलं, "गाडीत." तो म्हणाला, "च्यायला." मग त्याने सोडलेला मोठा श्वास मला ऐकू आला. त्यालाही तो गॅस काढायचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्याने ते माझ्याकडे ढकललं होतं, कारण त्याला एकट्याला ते पेलवत नव्हतं.

"दे इकडे," बाबा म्हणाले. फोन डाव्या कानाला लावला. "ऐक. कानाचं मशीन मी लावीन. तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन. पण माझ्या ओट्याला कुणी हात लावायचा नाही. आणि यापुढे काही सांगायचं असेल तर घरी यायचं, खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा आणि मग सांगायचं. गाडीत नाही."

पलीकडून दादा काय म्हणाला ते मला कळलं नाही. बाबांनी ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अरे, रडतोस काय," ते म्हणाले. "मी इथे अमेरिकेत आहे, मजेत आहे."